दवाखाना चालवायचे शिक्षण सेलूपर्यंत यावे

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले वालूर हे गाव हल्ली ओळखले जाते ते तिथल्या बारवेमुळे. चक्राकार वळत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांची ही बारव गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून मोकळी केली आणि लांबलांबून लोक ती बघायला येऊ लागले. तिच्या देखणेपणाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र पायऱ्यांच्या विहिरींची आणखी एक हकिकत आहे. ती वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत नसून आरोग्य खात्याच्या दप्तरांत आहे, आणि आज तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ती वाचावी अशी आहे.

ती हकिकत नारूची. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा दिवसेंदिवस बाहेर येत राहायचा. वेदनेने माणूस ऐन सुगीत अंथरुणाला खिळायचा. असा पाय घेऊन कोणी पाण्यातल्या पायरीवर उभे राहून घागर बुडवली, की किड्याची सूक्ष्म पिल्ले पाण्यात सुटत. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव ती गिळे, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगातून सुमारे वर्षभराने नवा किडा डोके वर काढे. देशातल्या सात राज्यांत हा रोग ठाण मांडून होता आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक होते. त्यावर लस नव्हती आणि किडा मारणारे औषधही नव्हते.

तरीही नारू गेला. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. हे घडले कसे? कर्मचाऱ्यांनी घरोघर फिरून रुग्ण शोधले, गावांच्या याद्या केल्या, पाणी गाळायला कापड वाटले, विहिरींत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकले. पायऱ्यांच्या विहिरींत माणसाला उतरता येऊ नये अशी व्यवस्था केली, हातपंप बसवले, आणि रुग्ण मिळेनासे झाल्यावरही काही वर्षे शोध चालूच ठेवला. एक रोग देशातून हटला तो मोजणी, नियोजन, माणसांची नेमणूक आणि पाठपुरावा यांच्या बळावर. सार्वजनिक आरोग्याचे व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

आता आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाहू. नियमानुसार सपाटीवरच्या तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, पाच हजारांमागे एक उपकेंद्र. केंद्राचा वैद्यकीय अधिकारी अनेकदा एमबीबीएस होऊन नुकताच बाहेर पडलेला, बंधपत्राची एक वर्षाची सेवा बजावणारा तरुण किंवा तरुणी. सकाळी बाह्यरुग्ण विभागात ताप, खोकला, जुलाब, विंचवाचा दंश. एवढे त्याला शिकवलेले असते. ओपीडी उरकली की दुसरी नोकरी सुरू होते, तिचे मात्र त्याला फारसे शिकवलेले नसते. लशी ठेवायच्या शीतकपाटाचे (आयएलआर) तापमान दोन ते आठ अंशांमध्ये आहे का, सकाळ-संध्याकाळची नोंद खरोखर बघून झाली की दोन दिवसांची एकदम भरली, हे त्याने तपासायचे. पुढच्या तिमाहीची औषधमागणी त्याची. रुग्ण कल्याण समितीचा सदस्य सचिव तो, म्हणून निधीचा हिशेबही त्याचा. आशांचे अहवाल, साथरोगांची साप्ताहिक माहिती, पगारबिले, रुग्णवाहिकेचे डिझेल, उपकेंद्रातल्या रिक्त जागा, आणि जिल्हा परिषदेतल्या आढावा बैठकीत विचारलेल्या प्रत्येक आकड्याचे उत्तर.

पाण्याचेच उदाहरण घ्या. गावच्या टाकीत जलसुरक्षकाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकले, आरोग्य सेवकाने ओटी टेस्ट केली, पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरीन आहे. इतके साधे काम. पण पावडरचे पोते ग्रामपंचायतीच्या खोलीत उघडे पडून तिच्यातला क्लोरीन उडून गेला असेल, तर ठरलेले माप टाकूनही उपयोग शून्य. गळती लागलेल्या जलवाहिनीच्या शेवटच्या नळाला तपासणी न करता टाकीजवळच केली, तर कागद स्वच्छ आणि वस्तीत जुलाब. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे, लाल कार्ड मिळते. ते कार्ड भिंतीवर लावायचे की त्यावरून पावसाळ्याआधी कोणत्या गावात कोणता माणूस पाठवायचा हे ठरवायचे, हा फरक शिक्षणाने पडतो. एमबीबीएसच्या वर्षांत पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) हा विषय असतो, पण वॉर्डाच्या आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या धावपळीत बहुतेक विद्यार्थी तो पास होण्यापुरताच वाचतात. दोष त्यांचा नाही. जे काम अजून हातात आलेच नाही, त्याचे शास्त्र विशीत मनाला भिडत नाही.

नोकरीत चार-सहा वर्षे घालवल्यावर ते भिडते. म्हणूनच हे शिक्षण काम करणाऱ्या माणसाला, काम चालू असताना मिळाले पाहिजे.

महाराष्ट्राच्या आरोग्याचा इतिहास याला साक्ष आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे रुग्ण तपासले. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत, हे त्यांना तिथे कळून चुकले. पुढे ते अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायाच आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची वाटही तीच. आधी ग्रामीण भागातले काम, मग जॉन्स हॉपकिन्स, मग १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था. त्यांनी ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतील अशी पद्धत बसवली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली आणि पहिल्या गटातले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

या दोन्ही जोडप्यांना हे शास्त्र शिकायला बाल्टिमोरला जावे लागले. त्यांची जिद्द थोर होतीच. पण एका राज्याची आरोग्ययंत्रणा अशा अपवादात्मक जिद्दीवर चालवता येत नाही. आजही सेलू, जिंतूर, पाथरीत काम करणाऱ्या डॉक्टरला, नर्सला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला हे शिकायचे असेल, तर पर्याय थोडे आणि दूर आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने नोकरदारांसाठी रुग्णालय प्रशासनाचा दुहेरी पद्धतीचा पदविका अभ्यासक्रम चालवला, म्हणजे काही दिवस संस्थेत आणि बाकी अभ्यास आपल्या ठिकाणी. दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्थेचे दूरस्थ अभ्यासक्रम आहेत. चांगली सोय आहे, पण तिचे माध्यम इंग्रजी, केंद्रे महानगरांत. आणि रुग्णालय प्रशासन वेगळे, तीस हजार लोकांचे आरोग्य सांभाळणे वेगळे. खाटा, बिलिंग, विमा, मानांकन हे शिकून कॉर्पोरेट रुग्णालयात नोकरी मिळेल. वालूरच्या शिवारातला ऊसतोड मजूर दिवाळीनंतर सहा महिने ऊसपट्ट्यात गेला तर त्याच्या बाळाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस कोणी, कुठे आणि कसा द्यायचा, हे त्यातून कळणार नाही.

ऊसतोडीवरूनच मराठवाड्याच्या वर्मी लागलेला एक प्रश्न आठवतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये गाजली, तेव्हा शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा एका दिवसात तयार झालेला नव्हता. वर्षानुवर्षे एकेक बाई एकेका खोलीत डॉक्टरसमोर बसत होती. प्रत्येक खोलीत ती एक केस होती. हजारो केसेस एकत्र ठेवून ‘इथे काहीतरी भयंकर चालले आहे’ असे सांगण्याचे काम सरकारी यंत्रणेतल्या कोणाच्या तरी टेबलावर आधीच व्हायला हवे होते. साथरोगशास्त्र जाणणारा तालुका आरोग्य अधिकारी असता, आणि त्याला नोंदी मागण्याचा अधिकार व वेळ असता, तर पत्रकारांच्या कितीतरी आधी हे उघडकीला येण्याची शक्यता होती.

अशा प्रशिक्षित अधिकाऱ्यांची गरज तमिळनाडूने फार पूर्वी ओळखली. तिथे सार्वजनिक आरोग्याचे वेगळे संचालनालय शंभर वर्षांहून जुने आहे, कायदा १९३९ चा आहे आणि आरोग्य अधिकारी होणाऱ्याने सार्वजनिक आरोग्याची पात्रता मिळवावी अशी अपेक्षा असते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग उभारावा असे म्हटले. केंद्राने २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शिकाही काढली. महाराष्ट्रात मात्र चांगला शल्यविशारद बढतीने प्रशासक होतो आणि शस्त्रक्रियागृहही त्याला मुकते. यात दोघांचे नुकसान आहे, त्याचे आणि रुग्णांचे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आधीच डॉक्टर मिळत नाहीत, त्यांत आहेत त्यांना शिकायला पाठवायचे तर ओपीडी कोण चालवणार? आक्षेप खरा आहे. म्हणूनच माणसाला उचलून शहरात नेणारे शिक्षण नको, त्याच्या केंद्रावर येणारे हवे. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. तिथला जनवैद्यक विभाग जिल्ह्यातल्या नोकरदारांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवू शकतो: महिन्यातून दोन शनिवार-रविवार परभणीत, उरलेला अभ्यास आपापल्या केंद्रावर. प्रबंधाचा विषय स्वतःच्या केंद्राचाच असावा. कोणत्या उपकेंद्रात लसीकरण मागे पडते आणि का, गरोदर मातांमधला रक्तक्षय गोळ्या वाटूनही का हटत नाही, उष्माघाताच्या दिवसांत शेतमजुरांच्या कामाच्या वेळा बदलता येतील का. असा प्रबंध कपाटात जाणार नाही, तो पुढच्या वर्षीचा कृती आराखडा होईल.

भाषेचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे आणि नोकरी करत शिकणाऱ्यांना १९८९ पासून मराठीतून शिकवणारे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही नाशिकलाच. एकाकडे वैद्यकीय मान्यतेचा अधिकार, दुसऱ्याकडे गावोगावच्या अभ्यासकेंद्रांचा आणि मराठी पाठ्यसाहित्याचा अनुभव. या दोघांनी मिळून एक अभ्यासक्रम आखला, तर त्यात एमबीबीएसच नव्हे तर बीएएमएस समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माण अधिकारी, आरोग्य सहाय्यक यांनाही बसता येईल. आजवर या मंडळींना पुढे शिकायची दारे जवळजवळ बंदच होती, आणि प्रत्यक्ष यंत्रणा तर तेच ओढतात.

पदवीचा कागद विकणाऱ्या संस्थांचा धोका इथेही आहे. घरबसल्या, परीक्षेविना, भरमसाट शुल्कात व्यवस्थापनाची पदविका देणाऱ्या जाहिराती नोकरदाराच्या मोबाइलवर रोज येतात. आरोग्य खात्याने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी स्वतः जाहीर करावी, शुल्काचा निम्मा तरी भार उचलावा आणि तालुका व जिल्हा आरोग्य अधिकारी पदाच्या सेवाप्रवेश नियमांत ही पात्रता ठरावीक मुदतीनंतर सक्तीची करावी. सध्या त्या पदांवर असलेल्यांना पाच वर्षांची सवड द्यावी. परभणीतली पहिली तुकडी वीस जणांची असली तरी पुरे. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतून प्रत्येकी दोघे आले, तरी ती जवळपास भरते.