अंगठा देण्यापूर्वी वाचून घ्या

पेरणी आटोपली की शेतकऱ्यामागे आता आणखी एक काम लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा व नोंद स्वतःच्या हाताने करावी, हा तिचा हेतू. हेतू उत्तम आहे. पटवाऱ्याने घरी बसून कपाशीच्या जागी ज्वारी लिहिण्याचा जुना प्रकार त्याने थांबू शकेल. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पुष्कळ घरी काय दिसते? फोन शेतकऱ्याचा, बोट दुसऱ्याचे!

कारागिरांचीही तीच गत. २०२३ सालच्या विश्वकर्मा योजनेत कुंभार, लोहार, सुतार यांना नाव घालायचे तर केंद्रावर जाऊन यंत्रावर बोट टेकावे लागते. केवायसी, ओटीपी हे शब्द कानी पडतात. होकार कशाला दिला, हे बोट टेकणाऱ्यास ठाऊक नसते.

बंधूंनो, हे दुखणे जुने आहे. कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत, सावकाराचे खत मोडीत, आणि खाली आपल्या वाडवडिलांची निशाणी नांगर! १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी चिडून सावकारांची खते जाळली. कागद जळाले, अज्ञान मात्र जळाले नाही. जोतीरावांनी ते ओळखले व १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' रोखठोक भाषेत लिहिला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' खेड्यातून चालविला. आमच्या चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली जोतीरावांचे चरित्र छापले. छापखाना आधीही होताच. त्यात आपले शब्द गेले, तेव्हा तो आपल्या कामी आला.

मोबाइलचेही तसेच आहे. यंत्र आपले वैरी नाही. न कळणारी भाषा वैरी आहे. म्हणून आमचे सांगणे इतकेच: बोट टेकण्यापूर्वी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून घ्या. घरची मुलगी शाळेत जात असेल तर तिलाच वाचावयास लावा. ओटीपी कोणासही सांगू नका. नोंदीची पावती मागा. सातबाऱ्याचे चावडीवाचन होईल तेव्हा बायाबापड्यांसह हजर राहा. आणि सरकारास आमचे मागणे आहे की, शेतकऱ्याला धाडलेला प्रत्येक संदेश त्याला कळेल अशा सोप्या मराठीत असावा.

आजोबांनी न वाचता निशाणी केली, कारण त्यांना कोणी शिकविले नव्हते. आपण न वाचता अंगठा दिला, तर ती सबब आपल्याला उरणार नाही.