टायरची हवा: छोटा पंप घ्यावा की नाही?

ऊस हंगामात नांदेड-लातूर रस्त्यावर रात्री ट्रॉलीची हवा गेली, तर पंक्चरवाला कुठे शोधायचा? बॅटरीवरचा छोटा पंप दुचाकी-कारला पुरतो. कारला ३०-३५ पीएसआय बास. ट्रॉलीच्या मोठ्या टायरला मात्र तो पुरत नाही, मोटर तापते. ट्रकला एअर ब्रेकसाठी इंजिनवरच कॉम्प्रेसर असतो. त्याच्या टाकीतून नळीने टायर भरता येतो, पण इंजिन चालू ठेवा. टाकी रिकामी झाली की पायाचा ब्रेकही काम करणार नाही. साध्या ट्रॅक्टरला ही सोय नसते. म्हणून ट्रॉली भरण्याआधीच हवा तपासा. पेट्रोल पंपावर ती मोफत मिळायलाच हवी, असा तेल कंपन्यांचा नियम आहे. मशीन बंद असेल तर तक्रार वही मागा अन् लिहाच!