बंद पडले म्हणजे संपले नव्हे

घरी नानकटाई भाजून संसाराला हातभार लावणाऱ्या गृहिणीचा विजेचा ओव्हन ऐन दिवाळीत थंड पडला, तर ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला तिला चहूकडून मिळतो. हा सल्ला उतावळेपणाचा आहे.

दोषाचा शोध सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. प्रथम सॉकेटमध्ये वीज आहे का, हे दुसरे उपकरण लावून पाहावे. टायमर शून्यावर असेल, तर अनेक ओव्हन तापतच नाहीत. पुढील तपासणी मात्र प्लग काढून जाणकारानेच करावी. एकच बाजू तापत नसेल, तर बहुधा सळी तुटलेली असते. सारा ओव्हन थंड असेल, तर तार, थर्मोस्टॅट किंवा अतिउष्णतेने वितळणारा फ्यूज तपासावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १००० वॉटच्या धड सळीचा रोध मल्टिमीटरवर सुमारे ५३ ओहम दिसतो. फ्यूज वगळून तारा थेट जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

एका सुट्या भागासाठी संपूर्ण यंत्र भंगारात टाकणे हा पैशाचा आणि धातूचाही अपव्यय आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ सुरू केले, परंतु ‘नेमके काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यालाच तो हक्क बजावता येतो.