दळणारीला विचारलंत का?

घरात नवं यंत्र यायचं ठरलं की एक गोष्ट हमखास दिसते. ते वापरणार बाई, पुसणार बाई, बिघडलं तर दुरुस्तीला पाठवायची आठवण ठेवणारही बाईच. दुकानात मात्र दुकानदार बोलतो तो घरातल्या पुरुषाशी. "साहेब, साडेसातशे वॅटचा आहे, बिनधास्त घेऊन टाका." साहेब मान डोलावतात आणि खोकं गाडीला बांधलं जातं. नुसते वॅट बघून दळायचं यंत्र घेणं म्हणजे शिंगं बघून बैलजोडी घेण्यासारखं आहे. शिंगं नांगर ओढत नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे कॉफी. आता तुम्ही म्हणाल, कन्हेरीत बसून ही बाई कॉफीवर कुठे लिहायला लागली! आमच्या गावाचं नाव पेपरात येतं ते निवडणुकीत मारुतीपुढे प्रचाराचा नारळ फुटतो तेव्हा. बाकी ऊस, दूध आणि चहा हा आमचा रोजचा कारभार. कॉफी म्हणजे परीक्षेची जागरणं, नाहीतर पाहुण्यांसाठी जायफळ उगाळून केलेला खास बेत. पण आता घराघरातली मुलं-मुली पुण्याला, बंगळूरला नोकरीला आहेत. सुट्टीला येताना पूर्वी मिठाई आणायची, आता कॉफीच्या भाजलेल्या बियांची पुडी आणतात. आमच्या बचत गटातल्या एकीने ती पुडी माझ्यापुढे ठेवून विचारलं, "ताई, हे दळायचं कशात? मिक्सरला फिरवलं तर काही खडे, काही धुरळा. लेक म्हणते, वेगळं ग्राइंडर घेऊ. मालक म्हणतात, कॉफीसाठी वेगळी मशीन? डोकं ठिकाणावर आहे का?"

प्रश्न साधा वाटला, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे.

आधी दळण्याचंच बघू. आपल्या आज्यांना जे माहीत होतं, ते आज दुकानदाराला सांगता येत नाही. जातं दळतं आणि मिक्सर कापतो. जात्यात दोन तळ्यांच्या मधून दाणा सरकतो, चिरडतो आणि फट जेवढी तेवढाच बारीक होऊन बाहेर पडतो. बारीक पीठ हवं तर घास लहान घालायचा, भरडायचं असेल तर मोठा. म्हणून एकाच जात्यातून पीठही निघायचं, रवाही आणि डाळीची भरडही. मिक्सरचं तसं नाही. त्यात पातं मिनिटाला हजारो वेळा गरगर फिरतं आणि जो दाणा तावडीत सापडेल त्याचे तुकडे करतं. एक दाणा दहा वेळा कापला जातो, दुसरा भांड्याच्या कडेला बसून मजा बघत राहतो. चटणीला त्याने काही बिघडत नाही. शेंगदाण्याच्या कुटाला तर थोडं जाडं-बारीक असलेलंच छान लागतं.

कॉफीला मात्र बिघडतं. गरम पाण्यात बारीक पूड पटकन उतरते आणि जास्त वेळ राहिली तर कडू होते. जाड कणांना उतरायला वेळ लागतो, ते अर्धवट राहिले तर कॉफी पाणचट आणि आंबूस लागते. एकाच कपात दोन्ही असले की चव धड इकडची नाही, धड तिकडची नाही. म्हणून कॉफीचे दर्दी ज्याला 'बर ग्राइंडर' म्हणतात, त्यात दात असलेल्या दोन चकत्या असतात आणि त्यांच्यामधली फट कमी-जास्त करता येते. मैत्रिणींनो, नाव इंग्रजी असलं तरी वस्तू ओळखीची आहे की नाही? वीज लावलेलं हे छोटं जातंच! जात्याला जशी टाकी लावून घ्यावी लागायची, तसे या चकत्यांचे दातही वर्षानुवर्षांच्या वापराने बोथट होतात आणि बदलावे लागतात.

मग घ्यायचं कोणतं? माझ्या मते दुकानात जाण्याआधी घरीच तीन प्रश्नांची उत्तरं काढावीत.

पहिला, दळायचं काय आणि किती? घरात महिन्यातून चारदा कॉफी होत असेल, तर वेगळं यंत्र घेऊ नका. मिक्सरचं लहान, चटणीचं भांडं पुरे. फक्त सलग फिरवू नका. तीन-चार सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवून कडेचे दाणे मध्ये आणा, पुन्हा फिरवा. असं पाच-सहा वेळा केलं आणि चहाच्या गाळणीने जाड कण वेगळे करून पुन्हा फिरवले, तर पूड बऱ्यापैकी एकसारखी होते. सलग फिरवलं की पातं आणि भांडं तापतं आणि कॉफीचा वास आपल्या कपात यायच्या आधीच स्वयंपाकघरात उडून जातो.

दुसरा, कॉफी करता कशी? पितळी किंवा स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरला रव्यापेक्षा थोडी बारीक पूड लागते. दांड्याने खाली दाबायच्या काचेच्या भांड्याला जाड, भरड्यासारखी लागते. रोज एकाच पद्धतीने दोन कप होत असतील, तर पात्याचं छोटं ग्राइंडर चालतं. साधारण हजार-दीड हजारापासून ते मिळतं. घरात दोन-तीन दर्दी असतील आणि चवीवरून वाद होत असतील, तर चकत्यांचं घ्यावं. पण विजेवर चालणाऱ्या बऱ्यापैकी यंत्राला त्याच्या काही पट पैसे मोजावे लागतात. हाताने फिरवायचं चकत्यांचं ग्राइंडर त्याहून स्वस्त पडतं आणि वीज गेली तरी अडत नाही. २००५-०६ च्या सुमाराचं भारनियमन ज्यांनी भोगलंय, त्यांना ह्या वाक्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दळणार कोण आणि धुणार-पुसणार कोण? त्याच व्यक्तीने दुकानात जाऊन यंत्र हातात घेऊन बघावं. झाकण ओल्या नसलेल्या, पण दमलेल्या हाताने सहज बसतं का? झाकण उघडं असताना यंत्र चालू होत असेल, तर ते तिथेच ठेवून बाहेर पडा. घरात लहान मुलं असतात. पातं किंवा चकती सोडवून पुसता येते का? आवाज किती होतो? पहाटे पाचला दळणार आणि शेजारच्या खोलीत दहावीचं पोर झोपलेलं, तर आवाजही हिशोबात धरावा लागतो. आयएसआयची खूण आहे का? वायरला तीन पिना असतील तर त्यातली अर्थिंगची पीन घरातल्या सॉकेटला खरंच जोडलेली आहे का? दुरुस्ती बारामतीत होते, की यंत्र पुण्याला धाडावं लागतं? आणि एकसलग किती वेळ चालवायचं? मिक्सरच्या बुडाशी 'पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद' अशा अर्थाची सूचना छापलेली असते. ती आपण कधी वाचतच नाही आणि मग मोटर जळाली की म्हणतो, आजकालच्या वस्तूंत दमच नाही.

विजेच्या बिलाची भीती मात्र मनातून काढून टाका. पाचशे वॅटचा मिक्सर रोज पाच मिनिटं चालला, तर महिन्याला जेमतेम सव्वा युनिट होतं. दोनशे वॅटचं ग्राइंडर रोज मिनिटभर चाललं, तर महिन्याला एका युनिटचा दहावा हिस्सा. 'बिल वाढेल' म्हणून बाईला यंत्र नाकारणाऱ्यांनी एवढं गणित जरूर करावं.

वापराच्या दोन-चार गोष्टी. कॉफी आणि मसाला एकाच भांड्यात दळू नका. लवंग-वेलदोड्याचा वास कॉफीला लागतो आणि कॉफीचा गोड्या मसाल्याला. जायफळ तर ग्राइंडरमध्ये घालूच नका, ते सहाणेवर उगाळलेलंच चांगलं. पात्याच्या ग्राइंडरचा वास काढायला मूठभर कोरडे तांदूळ फिरवून फडक्याने पुसावं. चकत्यांच्या ग्राइंडरमध्ये तांदूळ घालू नयेत, त्याला कोरडा ब्रश पुरे. मोटरच्या भागाला पाणी लावायचं नाही, आणि पुसताना पीन आधी काढायची. बिया घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच दळाव्यात. दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो. आणि हो, तयार पूड घेत असाल तर पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचा. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी असावी असा नियम आहे. उरलेलं मूळ असतं, बी नव्हे. कुणाला ती चव आवडते, त्यात वाईट काही नाही; पण आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

आता थोडं यंत्राच्या जन्माबद्दल. आपल्या देशातला मिक्सर बाईच्या तक्रारीतून घडला आहे. साठच्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांच्या घरचा परदेशी बनावटीचा मिक्सर आपलं वाटण-दळण करता करता बंद पडला. तो बनवला होता परदेशातल्या मऊ पदार्थांसाठी. ओलं खोबरं, भिजलेली डाळ, हळकुंडं त्याला कुठून झेपणार? त्यांचे पती सत्य प्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरून उरेल अशी मोटर तयार करण्याचा ध्यास घेतला आणि त्यातून 'सुमीत' जन्माला आला. पुढे कित्येक वर्षं मिक्सर म्हणजे सुमीत हेच समीकरण होतं. दळणारीची अडचण कुणीतरी मनावर घेतली, की यंत्र कसं कामाचं होतं ते यावरून दिसतं.

आणि ती मनावर घेतली नाही, तर काय होतं? एका गावात सरकारी अनुदानावर आलेली पिठाची गिरणी मी पाहिलेली आहे. बाईच्या नावावर आलेली. वर्षभरानंतरही तिच्यावर चादर घातलेली, वर देवाचा फोटो आणि उदबत्तीचं घर. का, तर घरातली वायरिंग एवढा भार घेण्याजोगी नव्हती, जाळी कशी बदलायची हे कुणी दाखवलं नव्हतं, आणि गिरणी ठेवली होती पुढच्या खोलीत, जिथे दिवसभर पुरुष बसतात. त्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं की तुला गिरणी हवी, शिलाई मशीन हवं की दुसरं काही. तमिळनाडूत २०११ साली सरकारने घरोघरी मिक्सर, ओलं वाटण करायचं ग्राइंडर आणि पंखा फुकट वाटायला सुरुवात केली. मतांचं राजकारण म्हणून त्यावर भरपूर टीका झाली. ती खोटी नव्हती. पण इडलीचं पीठ रोज वाटणाऱ्या बाईचा खांदा कुणाच्या तरी हिशोबात आला, एवढं तरी मान्य करायला हवं.

जात्याबरोबर ओव्या गेल्या, म्हणून हळहळणारी माणसं भेटतात. ओव्या मोलाच्या होत्या, यात वादच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, ते फार मोठं काम आहे. पण बाई पहाटे चारला उठून गायची ते हौसेने नव्हे. दळण संपत नव्हतं आणि मनातलं बोलायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती दगडाशी बोलायची. ओव्या जपूया. जातं तिच्या गळ्यात पुन्हा नको.

पण यंत्र आलं म्हणजे बाई मोकळी झाली, असंही नाही. केंद्र सरकारच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसातले सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होते. हे २०१९ चं. २०२४ च्या पाहणीत ते २८९ झाले. पाच वर्षांत दहा मिनिटं! घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं २०१९ मध्ये ९७ होती, ती २०२४ मध्ये ८८ झाली. म्हणजे तिची दहा कमी झाली, तर त्यांनी आपलीही नऊ कमी करून घेतली. यंत्राने वाचवलेला वेळ कुठे जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. मिक्सर आला म्हणून दोन चटण्या वाढल्या. कॉफीचं ग्राइंडर आलं की 'मला ताजी दळून दे' असं तिघं तीन वेळेला म्हणतील.

म्हणून त्या मैत्रिणीला मी सांगितलं ते असं. लेकीला ताजी कॉफी हवी आहे ना? जरूर घ्या. पात्याचं लहान ग्राइंडर घ्या, तू स्वतः दुकानात जाऊन, झाकण लावून-काढून बघून घे. पण घरी आल्यावर पहिल्या दिवशीच ठरवून टाक. ज्याला कॉफी हवी, त्याने आपली आपण दळायची आणि भांडं पुसून जागेवर ठेवायचं. बटण दाबायला ताकद लागत नाही, त्यामुळे 'मला जमत नाही' ही सबब कुणाला सांगता येणार नाही. 'मालक'ही त्यात आले.