तंबू नदीकाठी, शोषखड्डा कुठे?

थंडी पडू लागली की कर्जतच्या बाजूला उल्हास आणि पेज या नद्यांच्या काठी तंबू उभे राहतात. मुंबई-ठाण्याची मंडळी शनिवारी दुपारी येतात, रात्री शेकोटी, सकाळी पोहे, आणि रविवारी संध्याकाळी परत. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी पेज नदीत येते, त्यामुळे ती भर उन्हाळ्यातही वाहती असते आणि हा राबता मे महिन्यापर्यंत चालतो. अलीकडे झोपण्याची आणि शौचालयाची सोय असलेल्या मोठ्या गाड्या घेऊनही लोक फिरू लागले आहेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये अशा 'कॅरॅव्हॅन' पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. या कशालाच माझा विरोध नाही. गावातल्या चार मुलांना काम मिळते, बायकांच्या भाकरी-पिठल्याला गिऱ्हाईक मिळते. डॉक्टर म्हणून मला एवढेच विचारायचे आहे, की एका रात्रीत चाळीस-पन्नास माणसे शौचाला जातात, ते सगळे पुढे जाते कुठे?

प्रश्न ओंगळ वाटेल, पण काविळीची साथ याच वाटेने येते. पाण्यातून पसरणारी कावीळ ही 'हिपॅटायटिस ए' किंवा 'ई' या विषाणूंमुळे होते आणि दोन्हींचा प्रवास विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात असा असतो. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा, हा आमच्या अभ्यासक्रमातला जुना नियम. तंबूवाल्याला मात्र नदीचा देखावा हवा असतो, म्हणून तंबू काठावर, आणि पाहुण्यांना रात्री लांब चालावे लागू नये म्हणून शौचालयही काठावरच. खड्डा लहान असतो, खालची जमीन वाळूची असते. गाडीतल्या शौचालयाला तर खड्डाच नसतो, टाकी असते. ती भरली की कुठे रिकामी करायची याची सोय नसेल, तर ती कुठे रिकामी होईल हे मी सांगायला नको.

'नदी वाहती आहे, चार दगडांवरून आपटत गेली की पाणी शुद्ध होते' असे मला कित्येकांनी समजावले आहे. वाहत्या पाण्याविषयीचा हाच विश्वास दिल्लीला महागात पडला होता. १९५५ साली यमुनेला पूर आला, पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी शहराचे पाणी उपसतात त्या जागेपर्यंत आले. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये तिथे सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. विशेष म्हणजे पाण्यात क्लोरीन घातलेले होते. त्यामुळे टायफॉइड वाढला नाही, पण विषाणू निसटले. म्हणून टीसीएल पावडर टाकली की काम झाले, असे समजू नये. गढूळ पाणी आधी निवळून, गाळून घ्यावे लागते.

आपली उल्हास कर्जतहून नेरळ, वांगणी करत बदलापूरला आणि पुढे कल्याणला जाते. तिथल्या लाखो लोकांच्या नळाला हेच पाणी येते. जलशुद्धीकरण केंद्रे आहेत, हे खरे. म्हणजे कल्याणचा पाहुणा इथे येऊन जे सोडून जातो ते घरी शुद्ध करून पितो. वाटेवरच्या वाड्यांना मात्र केंद्र नाही. काठालगत खणलेली विहीर किंवा उन्हाळ्यात वाळूत काढलेला झरा, हेच त्यांचे पाणी.

'ई' प्रकारची कावीळ पाणी प्यायल्यानंतर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. पाहुणा ३१ डिसेंबरला इथे जेवला तर डोळे पिवळे होतात फेब्रुवारीत, आणि औषध मिळते त्याच्या डॉक्टरकडे. तंबूच्या मालकाला कळत नाही, पाहुण्यालाही आठवत नाही. त्यामुळे 'आमच्याकडे आजवर कुणी आजारी पडले नाही' असे मालक सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, त्याला ठाऊकच नसते.

बहुतेक धडधाकट माणसे यातून आपोआप बरी होतात. कावीळ उतरवणाऱ्यांची आणि गळ्यात माळ घालणाऱ्यांची चलती त्यामुळेच आहे. पण गरोदर बाईला हा आजार शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरातल्या वीस ते पंचवीस दगावतात. वाडीवरची सून पाहुण्यांची भांडी घासते, काठच्या झऱ्याचे पाणी पिते, आणि डोळे पिवळे झाले की तिला आधी माळ घालायला नेतात. दवाखान्यात येते तोवर ती असंबद्ध बोलू लागलेली असते. 'बी'ची लस घेतली आहे, मग कावीळ कशी झाली, असेही विचारतात. ती लस वेगळ्या विषाणूची, इथे तिचा उपयोग नाही.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर गावातल्या सार्वजनिक पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि धोका पाहून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की सरपंच धावपळ करतात, हे मी पाहिले आहे. मग असेच कार्ड प्रत्येक तंबूवाल्याच्या फाटकावर का लावू नये? बोअर कुठे, खड्डा कुठे, त्यांत अंतर किती, गाडीची टाकी कुठे रिकामी करतात, हे पाहायला आरोग्यसेवकाला अर्धा तास पुरेल. ग्रामपंचायत ना-हरकत दाखला देते, तेव्हा ही अट घालणे तिच्या हातात आहे. धंदा बुडेल अशी भीती काही जण घालतील. माझ्या मते हिरवे कार्ड असलेल्याकडे गर्दी वाढेल.

तोवर पाहुण्यांनी प्यायला बाटलीचे पाणी आणले म्हणून निर्धास्त राहू नये. सरबतातला बर्फ, हिरवी चटणी, कापलेली काकडी आणि नदीवर घासलेले दात, यांचे पाणी बाटलीतले नसते. पाण्याला खळखळून उकळी आणून मिनिटभर ठेवले तरी पुरते. शेकोटी पेटलेलीच असते, तिच्यावर एक पातेले ठेवायला सांगावे.

आणि तंबूवर कामाला जाणाऱ्या बाईला दिवस गेले असतील तर तिने प्यायचे पाणी घरून उकळून न्यावे. लघवी गर्द पिवळी झाली, जेवणावरची वासना उडाली, उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. माळ घालायची असेल तर येताना वाटेत घाला, माझी हरकत नाही.