लाडू किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले ते मोजा

दिवाळी झाली की आठवडाभरात एक तक्रार माझ्या दवाखान्यात हमखास येते. "डॉक्टर, कान दुखतो." कान तपासावा तर स्वच्छ असतो. तोंड उघडायला सांगितले की खालची दाढ किडलेली दिसते. दाढेची कळ अनेकदा कानात जाणवते, म्हणून रुग्ण दंतवैद्याऐवजी आमच्याकडे येतो. ही कीड आठवड्यात लागलेली नसते. ती कित्येक महिने आत वाढत असते, सणाच्या गोडाने फक्त ठणका सुरू होतो.

म्हणून हा लेख दिवाळीच्या आधी. गोड खाऊच नका, असे मी सांगणार नाही. नागपुरात राहून संत्रा बर्फीला नाही म्हणा, हा सल्ला कुणीच पाळत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे: दातांपुरता विचार केला तर किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे आहे.

तोंडातले जिवाणू साखर वापरून आम्ल तयार करतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थराचा पीएच साधारण 5.5 च्या खाली जातो आणि इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या टणक आवरणातली, खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते आणि थोडी खनिजे दाताला परतही देते. या कामाला तिला साधारण 30 ते 60 मिनिटे लागतात. लाडू, करंजी, बर्फी एका बैठकीत खाल्ली तर दातांवर आम्लाचा एकच मारा होतो. तेच पदार्थ येता-जाता आठ वेळा तोंडात टाकले तर आठ वेळा मारा होतो आणि लाळेला सवडच मिळत नाही.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेतल्या अभ्यासात हेच दिसले होते. त्याचे निष्कर्ष 1954 मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणासोबत साखर दिली तेव्हा कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिली तेव्हा ती झपाट्याने वाढली. तिथल्या मतिमंद रहिवाशांवर त्यांच्या संमतीशिवाय केलेला हा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आपली जुनी पद्धत या दृष्टीने चांगली आहे. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून सगळे घर एकत्र फराळाला बसते, पोटभर खाते आणि उठते. बिघडते त्यानंतर. डबे दिवसभर टेबलावर राहतात आणि मुले प्रत्येक फेरीत मूठभर शंकरपाळे उचलतात. शंकरपाळ्यातला मैदा आणि साखर दाढेच्या खाचांत चिकटून बसते. "अनारसे गुळाचे आहेत, चालतात" हाही गैरसमज. जिवाणूंना गूळ आणि साखर सारखीच.

आणखी एक गोष्ट म्हणजे आपला आग्रह. पाच घरी गेलो तर पाच ताटल्या पुढे येतात. पाहुण्याने "पुडी बांधून द्या, घरी खाईन" म्हटले तर यजमानांनी वाईट वाटून घेऊ नये. मधुमेही पाहुण्यांना तर आग्रह नकोच. वाढलेल्या साखरेने हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आटोक्यात राहत नाही.

एवढे करा:

- फराळ जेवणासोबत किंवा एका ठरावीक वेळी खा. नंतर डबे कपाटात ठेवा.
- खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरा.
- रात्री फ्लोराइडच्या टूथपेस्टने ब्रश केल्याशिवाय झोपू नका. झोपेत लाळ कमी होते. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, भरपूर पाण्याने धुऊ नका.
- सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे येणारी दाढ कायमची असते. एकही दात न पडता ती येते, म्हणून पालक तिला दुधाची समजतात. ती जपा.

दाढ दुखू लागली तर वेदनाशामक गोळ्यांवर किंवा लवंगेच्या तेलावर दिवस काढू नका, आणि तंबाखू किंवा खर्रा तर मुळीच दाबून ठेवू नका. अँटिबायोटिकने किडलेली दाढ बरी होत नाही, दंतवैद्याकडे जावेच लागते. खर्चाची चिंता असेल तर मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांपैकी काही असेल तर सण बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दाताचा जंतुसंसर्ग गळ्यात उतरला तर जीवावर बेतू शकते.

यंदा फराळ मनापासून खा. फक्त बसून खा, आणि उठताना डब्याचे झाकण लावा.