बागेचा हक्क मोरीच्या पाण्यावर

उन्हाळा लागला की इंदुरातील आमच्या जुन्या मराठी वस्त्यांत एक वाद ठरल्याप्रमाणे डोके वर काढतो. एक दिवसाआड येणाऱ्या नळाचा दाब घटतो, पिण्याचे पाणी बागेस व गाडी धुण्यास वापरू नये अशी सूचना निघते, आणि रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर येथील सुशिक्षित मंडळींत दोन तट पडतात. एका पक्षाच्या मते टंचाईत बागेला पाणी घालणे हा नागरी अपराध आहे. दुसऱ्याच्या मते आजोबांनी लावलेला आंबा डोळ्यांदेखत वाळू देणे हे पाप आहे. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. बागेला पाणी घालावे की नाही हा प्रश्नच नव्हे. कोणते पाणी घालावे, हा प्रश्न आहे. टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्यावर बागेचा थेंबभरही हक्क नाही, आणि मोरीच्या पाण्यावर मात्र तिचाच हक्क पहिला आहे. एवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे, आणि ते मांडताना आपल्या माणसांची भीड बाळगण्याची आमची इच्छा नाही.

प्रथम हे पाणी येते कोठून, ते पाहू. 1939 मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर बांधला गेला, तेव्हा होळकरांच्या राजधानीची तहान भागेल असे वाटले होते. पुढे शहर वाढले, तलाव अपुरे पडले, आणि 1970 साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकरांना रस्त्यावर उतरावे लागले. 1978 मध्ये ते पाणी आले. मंडलेश्वरजवळील जलूद येथून सुमारे 70 किलोमीटर अंतर कापीत आणि चारशे मीटरांहून अधिक उंची चढत ते आपल्या नळापर्यंत पोहोचते. ही चढण विजेवर होते. त्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून महापालिकेने 2023 साली हरित कर्जरोखे काढून 244 कोटी रुपये उभारले आणि 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. ज्या पाण्यासाठी शहराला कर्ज काढावे लागते, ते पाणी रबरी नळी लावून गवतावर सोडताना हात थबकला पाहिजे.

हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे 93 चौरस मीटरांची हिरवळ घ्या. मे महिन्यात तिला रोज निदान 5 मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तरी ते 465 लिटर होते. शहरी घरगुती पुरवठ्याचे आपल्याकडील मान्य प्रमाण माणशी रोज 135 लिटर आहे. अर्थात एका अंगणातील गवत जवळजवळ साडेतीन माणसांचे पाणी पिते. आणि हे गवत ना फळ देते, ना सावली, ना देवाला वाहण्यापुरते फूल.

यावर उत्तरे तयारच असतात. पहिले उत्तर, आम्ही पाणीपट्टी भरतो. भरता, हे योग्यच करता. परंतु पाणीपट्टी हे पाण्याचे मूल्य नव्हे; ते पाणी आणण्याचा खर्चही तिच्यातून निघत नाही. शिवाय टंचाईत प्रश्न पैशाचा नसतो, वाटपाचा असतो. नळाच्या शेवटच्या टोकाला राहणारी बाईही पाणीपट्टी भरते, आणि तिच्या हंड्यात मात्र हवा येते.

दुसरे उत्तर अधिक ठसक्यात दिले जाते: बोरिंग आमचे, जमीन आमची, पाणी आमचे. या दाव्याला कायद्याचा जुना आधार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने भूमिस्वामीला आपल्या जमिनीखालील, निश्चित प्रवाहात न वाहणारे पाणी उपसण्याचा अधिकार मान्य केला. परंतु तो कायदा मोट आणि रहाट यांच्या काळातला आहे. शेकडो फूट खोल जाणारा विजेचा पंप त्या कायदेकर्त्यांच्या स्वप्नातही नव्हता. म्हणूनच मध्यप्रदेशाने 1986 साली पेयजल परिरक्षण अधिनियम केला. जिल्हाधिकाऱ्यांनी एखादे क्षेत्र जल-अभावग्रस्त घोषित केले की तेथे परवानगीवाचून नवे नलकूप खोदता येत नाही, आणि घरगुती गरजेखेरीज इतर कामांसाठी पाणी उपसण्यावरही निर्बंध येतात. शासकीय सेवेत असे आदेश आम्ही पुष्कळ वाचले, आणि ते कपाटात कसे निजतात हेही पाहिले. कायदा निजला म्हणून न्याय बदलत नाही. भूगर्भातील पाण्याला आपल्या कुंपणाची भिंत दिसत नाही. आपल्या हिरवळीसाठी उपसलेले पाणी हे शेजाऱ्याच्या आटलेल्या विहिरीचेही पाणी असते.

तिसरे उत्तर म्हणजे बोट दाखविणे: सरकारी बंगल्यांची हिरवळ, चौकांतील कारंजी, क्लबांचे तरणतलाव, क्रिकेटची मैदाने. हा आक्षेप खरा आहे आणि तो मोठ्याने मांडला पाहिजे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मैदानावरचे पाणी आणि माणसाच्या घशातले पाणी यांची तुलना करण्यास न्यायालय कचरले नाही. परंतु हा आक्षेप घेण्याचा अधिकार ज्याची स्वतःची नळी बंद आहे त्यालाच शोभतो; एरवी तो ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ या जातीचा ठरतो. बंगळुरात 2024 च्या मार्चमध्ये पिण्याचे पाणी बागेस वा गाडी धुण्यास वापरल्याबद्दल 5,000 रुपये दंड ठरला, आणि काही कुटुंबांकडून तो वसूलही झाला. आपल्याकडे ती वेळ येईपर्यंत थांबण्यात कोणते शहाणपण?

चौथे उत्तर मात्र आम्हांस गंभीरपणे घ्यावेसे वाटते. झाड सजीव आहे, तोडलेली वीट पुन्हा बसविता येते, पन्नास वर्षांचा आंबा पुन्हा उभा करता येत नाही. स्थलांतरित होऊन येथे रुजलेल्या आपल्या घराण्यांसाठी परसातला पारिजातक, कढीलिंब, तुळस ही केवळ शोभा नव्हे. मान्य. पण मग ज्यांनी ती झाडे लावली, त्यांची रीतही घ्या. जुन्या वाड्यांत न्हाणीघराच्या मोरीचे पाणी कर्दळीकडे, केळीकडे आणि अळूकडे वळविलेले असे. त्या घरांतील स्त्रियांना पाणी दोनदा वापरणे कोणी शिकवावे लागले नाही. वाडा पाडून बंगला बांधताना आपण मोरी गटाराला जोडली, आणि बागेला नर्मदा जोडली. हा क्रम उलटा करण्याचीच ही मागणी आहे.

हिशोब अवघड नाही. माणशी 135 लिटरांच्या मान्य विभागणीत स्नानाचे 55 आणि कपडे धुण्याचे 20 लिटर असतात. पाच माणसांच्या घरातून या दोन कामांचेच रोज 375 लिटर पाणी गटारात जाते. कपडे विसळण्याचे शेवटचे पाणी आणि स्नानाचे पाणी आळीपाळीने झाडांच्या मुळांशी सोडले, कच्च्या खाण्याच्या पालेभाज्यांना ते टाळले, साबण बेताने वापरला, तर परसातील मोठी झाडे उन्हाळा सहज निभावतात. आळ्यात पालापाचोळा व कंपोस्ट पसरले की ओल अधिक टिकते. हे कंपोस्ट तर आपल्या गावाचेच देणे आहे. येथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी सिद्ध केलेली पद्धत 1931 च्या त्यांच्या ग्रंथापासून ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगात ओळखली जाते. त्याआधी 1918 साली पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला दिलेल्या नगररचनेच्या अहवालातही सांडपाणी बागांकडे वळविण्याचा विचार होता. जगाने आपल्या गावाचे नाव घेतले, आणि आपण पालापाचोळा जाळून गवतावर नर्मदा शिंपडतो!

प्रशासनाकडेही आमची तक्रार आहे. ‘बागेस पाणी घालू नये’ असा सरसकट आदेश आळसाचा आहे. त्याने बादलीने तुळशीला न्हाणीचे पाणी घालणारी वृद्धा आणि दोन तास नळी सोडणारा बंगलेवाला एकाच रांगेत उभे राहतात. मग तो आदेश कोणीच मानीत नाही. आदेशात कामाचे नव्हे, पाण्याचे नाव हवे: नर्मदेचे आणि बोरिंगचे पाणी वर्ज्य, वापरलेले पाणी मोकळे. 2021 साली इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले, ते सांडपाण्यावरील प्रक्रियेच्या बळावर. मग सरकारी हिरवळीला शुद्ध केलेल्या सांडपाण्याखेरीज एकही थेंब मिळू नये, आणि तेच पाणी नागरिकांच्या झाडांसाठीही टँकरने रास्त दरात मिळावे, ही मागणी अवास्तव नाही.

आपल्या कुटुंबांनी मात्र प्रशासनाची वाट पाहू नये. हिरवळ या वर्षी वाळू द्यावी. तिच्यासाठी शोक करण्याचे कारण नाही. पाऊस पडला की गवत आपोआप येते. मोठी झाडे मोरीच्या पाण्यावर जगवावीत, त्यासाठी प्लंबरला बोलावून चार-सहा फूट नळ बदलावा लागला तर तो या उन्हाळ्यातच बदलावा. शेजारच्या वस्तीत बायका टँकरपुढे हंडे लावून उभ्या असताना ज्या अंगणात नळी वाहते, त्या अंगणातील फुले देवाला वाहिली तरी ती देवापर्यंत पोहोचत असतील, असे आम्हांस वाटत नाही.